फतव्याला वजन कोण देतं? इंडोनेशियातला बहुलतावादाचा वाद, सोप्या भाषेत

इंडोनेशियात मंत्री, राज्यपाल किंवा शाळेचा मुख्याध्यापक माइकसमोर उभा राहिला की भाषणाआधी नमस्कारांची माळच ऐकू येते. आधी ‘अस्सलामु अलैकुम’, मग ख्रिस्ती लोकांसाठी ‘शालोम’, हिंदूंसाठी ‘ओम स्वस्त्यस्तु’, बौद्धांसाठी ‘नमो बुद्धाय’ आणि कन्फ्युशियसच्या अनुयायांसाठी ‘सलाम कबाजिकान’. सुमारे ८७ टक्के मुस्लिम असलेल्या देशात सरकारी व्यासपीठावरून ‘नमो बुद्धाय’ म्हटलं जातं, हे आपल्याकडच्या अनेकांना ठाऊकच नसतं.

मे २०२४ च्या अखेरीस बांका बेटावर देशभरातल्या उलेमांची, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांची, बैठक झाली. अशी नमस्कारांची माळ ओवणं ही योग्य सहिष्णुता नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नमस्कारात प्रार्थना असते, आणि दुसऱ्या धर्माची प्रार्थना मुसलमानाने आपल्या तोंडून करू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. सरकारच्या धर्मखात्याची भूमिका उलटी होती: हे नमस्कार सलोखा जपण्याची चांगली रीत आहे. अशा वेळी बाहेरच्या देशांत ‘इंडोनेशियात बंदी’ असा समज सहज पसरतो. प्रत्यक्षात बंदी कशावरच आलेली नव्हती. राष्ट्राध्यक्ष प्रबोवो सुबियांतो यांचं भाषणही पुढे असेच ओळीने नमस्कार करत सुरू होताना दिसलं.

मग उलेमांनी जे सांगितलं त्याला अर्थ काय? ते कायदा आहे, हुकूम आहे, की नुसतं मत? याचं उत्तर सरळ नाही, आणि इंडोनेशियातल्या लाखो माणसांचं रोजचं आयुष्य त्या उत्तरावर अवलंबून आहे.

फतवा म्हणजे नेमकं काय

सुन्नी इस्लाममध्ये पोपसारखा एकच सर्वोच्च धर्मगुरू नाही. माणसाला शंका आली की तो जाणकाराला विचारतो, जाणकार धर्मग्रंथांच्या आधारे उत्तर देतो. या उत्तराला फतवा म्हणतात. वकिलाचा सल्ला आणि कोर्टाचा निकाल यांत जो फरक आहे, तोच फतवा आणि न्यायाधीशाचा आदेश यांत आहे. सल्ला पटला नाही तर तुम्ही दुसऱ्या वकिलाकडे जाता. इस्लामच्या इतिहासात एकाच प्रश्नावर परस्परविरोधी फतवे निघाल्याची उदाहरणं ढिगाने सापडतात, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हेच स्पष्ट केलं होतं की फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावर लादता येत नाही. शेजारच्या मलेशियात मात्र चित्र वेगळं आहे. तिथे राज्याच्या मुफ्तीचा फतवा सरकारी राजपत्रात छापला गेला की तो मोडणं गुन्हा ठरू शकतो. इंडोनेशिया या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. कागदावर तो भारतासारखा आहे, पण व्यवहारात कधी कधी मलेशियाकडे झुकतो. खरी अडचण या मधल्या जागेत आहे.

उलेमा परिषद आली कुठून

बांका बेटावरची ती बैठक ज्या संस्थेची होती ती ‘मजलिस उलामा इंडोनेशिया’. आपण तिला उलेमा परिषद म्हणू. ती २६ जुलै १९७५ रोजी स्थापन झाली. त्या वेळी सत्ता लष्करी हुकूमशहा सुहार्तो यांच्या हाती होती. मुस्लिम संघटनांवर नजर ठेवता यावी, कुटुंबनियोजनासारख्या सरकारी योजनांना धर्माचा पाठिंबा मिळावा आणि उलेमांशी बोलायला एकच दार असावं, हा सरकारचा हेतू होता. परिषद सरकारी खातं नाही, पण तिचा जन्म सरकारच्या आशीर्वादाने झाला आणि तिला सरकारी पैसाही मिळत आला.

पहिले अध्यक्ष होते हामका. कादंबरीकार, कुराणाचे भाष्यकार, पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या काळात दोन वर्षांहून अधिक तुरुंगवास भोगलेला माणूस. १९८१ मध्ये परिषदेने एक फतवा काढला. शाळा-कचेऱ्यांमध्ये नाताळ एकत्र साजरा करायची पद्धत रुळत होती. अशा समारंभात मुसलमानांनी सहभागी होणं हराम, म्हणजे धर्माने निषिद्ध, असं त्यात म्हटलं होतं. सरकारला हे खपलं नाही. दबाव आला, परिषदेने पत्रक मागे घेतलं. पण पत्रकाचं वाटप थांबलं म्हणून त्यातलं मत चुकीचं ठरत नाही, असं म्हणत हामकांनी मे महिन्यात राजीनामा दिला. त्यानंतर दोनच महिन्यांनी ते वारले.

मला त्यांचा फतवा पटत नाही. शेजाऱ्याच्या सणाला जाण्याने कुणाचा धर्म बुडतो असं मला वाटत नाही. पण सरकारने धमकावल्यावर खुर्ची सोडून मत राखणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या वेळी फतवा होता तो निव्वळ सल्ला. मागे सरकार नव्हतं, उलट समोर सरकार होतं. पुढच्या पंचवीस वर्षांत हे समीकरण पार बदललं.

२००५: ‘बहुलतावाद हराम’

१९९८ मध्ये सुहार्तोंची सत्ता गेली. परिषदेवरचा लगाम सुटला आणि तिने स्वतःची ओळख बदलली: आता आपण सरकारचे नव्हे, उम्माचे, म्हणजे मुस्लिम समाजाचे सेवक. जुलै २००५ मध्ये जकार्तात परिषदेचं राष्ट्रीय अधिवेशन झालं आणि त्यात अकरा फतवे निघाले. सगळ्यात गाजला तो बहुलतावाद, उदारमतवाद आणि धर्मनिरपेक्षता या तिन्हींना हराम ठरवणारा. फतवा समितीचे प्रमुख होते मारुफ अमीन, जे पुढे २०१९ ते २०२४ देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले.

हा फतवा मुळातून वाचला तर तो बातम्यांपेक्षा जास्त बारकाईने लिहिलेला दिसतो. देशात अनेक धर्मांचे लोक शेजारी-शेजारी राहतात ही वस्तुस्थिती, तिला परिषद विविधता म्हणते आणि ती मान्य करते. तिचा विरोध आहे तो ‘सगळे धर्म सारखेच, कुठल्याही धर्माचं सत्य सापेक्षच’ या शिकवणुकीला. तिने बहुलतावादाची व्याख्याच तशी केली. श्रद्धा आणि उपासना यांत मुसलमानाने आपली वेगळी वाट सोडू नये. बाकी समाजव्यवहारात इतरांशी मिळून-मिसळून राहावं, असंही त्यात आहे.

टीकाकारांचा आक्षेप या व्याख्येवरच होता. बहुलतावादी म्हणवणारे बहुतेक लोक सगळे धर्म एकच असं म्हणत नव्हतेच. ते म्हणत होते की राज्यापुढे सगळे धर्म सारखे असावेत आणि मला माझ्या धर्माबद्दल खात्री असूनही दुसऱ्याला त्याच्या खात्रीने जगू द्यावं. माजी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद, ज्यांना सगळा देश गुस दुर म्हणतो, ते फतव्याविरुद्ध उभे राहिले. ते काही धर्म न मानणारे गृहस्थ नव्हते. त्यांच्या आजोबांनीच १९२६ मध्ये ‘नहदतुल उलामा’ ही देशातली सर्वात मोठी मुस्लिम संघटना स्थापन केली होती. इंडोनेशिया एकाच धर्माच्या पायावर उभा राहिलेला देश नाही, ही त्यांची भूमिका होती.

ही भूमिका येते कुठून

ती येते १९४५ मधून. जूनमध्ये राज्यघटनेच्या उद्देशिकेचा जो मसुदा झाला त्यात एक वाक्यांश होता: इस्लाम मानणाऱ्यांवर शरियत पाळण्याचं बंधन राहील. मूळ भाषेत ते सातच शब्द. १७ ऑगस्टला स्वातंत्र्याची घोषणा झाली. देशाच्या पूर्व भागातल्या ख्रिस्ती लोकांना हे शब्द मान्य नाहीत, ते राहिले तर तो भाग बाहेर पडेल, असा निरोप स्वातंत्र्यलढ्यातले नेते मोहम्मद हत्ता यांच्याकडे पोचला. १८ तारखेच्या सकाळी हत्तांनी मुस्लिम नेत्यांशी बोलणी केली आणि ते शब्द काढले गेले. त्या जागी ‘एकमेव ईश्वरावर श्रद्धा’ असं आलं. पंचासिला, म्हणजे राज्याची पाच तत्त्वं, त्यातलं हे पहिलं.

म्हणजे इंडोनेशिया इस्लामी राज्य नाही आणि आपल्या अर्थाने धर्मनिरपेक्षही नाही. राज्य धर्माचं आहे, पण एका धर्माचं नाही. इस्लाम, प्रोटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध आणि कन्फ्युशियस पंथ या सहांना सरकारी मान्यता आहे. बेटाबेटांवरच्या जुन्या स्थानिक श्रद्धा मानणाऱ्यांना ओळखपत्रावर आपली श्रद्धा नोंदवण्याचा हक्क मिळायला २०१७ चा घटना न्यायालयाचा निकाल यावा लागला. त्याआधी कितीतरी लोक तो रकाना रिकामा ठेवत किंवा सहांपैकी एखाद्या धर्माचं नाव नाइलाजाने लिहीत.

ते सात शब्द गेल्याची खंत काही मुस्लिम गटांना आजही आहे. ऐंशी वर्षं चाललेल्या या वादाची मुळं तिथे आहेत.

सल्ल्याला वजन येतं कसं

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. इंडोनेशियाच्या कायद्यांच्या उतरंडीत फतव्याला कुठेच जागा नाही. तरी त्याला वजन येतं, आणि ते अनेक वाटांनी येतं.

पहिली वाट बाजाराची. १९८८ मध्ये काही खाद्यपदार्थांत डुकराची चरबी असल्याच्या बातमीने देशभर घबराट उडाली. पुढच्याच वर्षी परिषदेने हलाल तपासणीची संस्था काढली. २०१४ च्या कायद्याने हलाल प्रमाणपत्र सक्तीचं करायची सुरुवात केली. २०१९ पासून प्रमाणपत्र सरकारी संस्था देऊ लागली, तरी हलाल काय हे ठरवण्यात परिषदेचा फतवा मध्यवर्ती राहिला. इस्लामी बँकांचंही तसंच. २००८ च्या कायद्यानुसार त्यांचे व्यवहार परिषदेच्या फतव्यांवर बेतलेले असावे लागतात.

दुसरी वाट लोकांच्या मनातली. २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची लस जावाबाहेरच्या बेटांवर द्यायची होती. लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. परिषदेने अभ्यास करून फतवा दिला: तयार होण्याच्या प्रक्रियेत डुकरापासूनचा घटक वापरला जातो म्हणून लस हराम, पण मुलांच्या जिवाला धोका आहे आणि हलाल पर्याय उपलब्ध नाही, म्हणून सध्या ती घेण्यास परवानगी. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा अगदी समजूतदार निर्णय होता. पण गावोगाव पोचला तो पहिला अर्धा भाग. आधल्या वर्षी जावात मोहीम उत्तम झाली होती. या बेटांवर ती लक्ष्याच्या खूप खाली राहिली आणि आचे प्रांतात तर फारच थोड्या मुलांना लस मिळाली. फतवा लिहिणाऱ्याने नंतर कितीही खुलासे केले तरी त्या आईवडिलांनी तोवर ठरवून टाकलं होतं.

तिसरी वाट सगळ्यात धोक्याची: सरकारी यंत्रणा फतवा उचलते. डिसेंबर २०१६ चं उदाहरण घ्या. नाताळात मॉलमधल्या मुस्लिम कामगारांना सांताक्लॉजच्या टोप्या घालायला लावतात, अशा तक्रारी होत्या. परिषदेने फतवा काढला: इतर धर्मांची चिन्हं अंगावर घालणं मुसलमानांना हराम. इतपत ठीक, कामगारावर सक्ती नको हे कुणालाही पटेल. पण सुराबाया शहरात ‘इस्लाम रक्षक आघाडी’ या कट्टर संघटनेचे कार्यकर्ते मॉल-मॉलमध्ये फतवा ‘समजावून सांगायला’ गेले आणि सोबत पोलिस होते. बेकासी आणि कुलोन प्रोगो इथल्या पोलिस प्रमुखांनी तर फतव्याचा हवाला देऊन परिपत्रकंच काढली. देशाचे तेव्हाचे पोलिसप्रमुख तितो कार्नावियान यांनी ती मागे घ्यायला लावली. फतवा हा देशाचा कायदा नाही, हे त्यांना आपल्याच अधिकाऱ्यांना जाहीरपणे सांगावं लागलं. वकिलाच्या सल्ल्याचा कागद हवालदाराने समन्स म्हणून हातात ठेवावा, असं ते झालं होतं.

“पण धर्मगुरूंनी मतही मांडू नये का?”

मांडावं, जरूर मांडावं. अमुक शिकवण इस्लामच्या चौकटीत बसत नाही, असं म्हणण्याचा हक्क उलेमांना नसेल तर कुणाला असणार? जगातला प्रत्येक धर्म आपल्या सीमा आखतो. माझा आक्षेप त्याच्या पुढच्या पायरीवर आहे.

अहमदियांचं काय झालं ते पाहा. एकोणिसाव्या शतकात पंजाबात मिर्झा गुलाम अहमद यांनी सुरू केलेला हा पंथ. परिषदेने १९८० मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये त्याला पथभ्रष्ट ठरवलं. प्रामाणिकपणे सांगायला हवं की बोगोरजवळच्या त्यांच्या केंद्रावर हल्ला झाला तो २००५ च्या फतव्याच्या काही दिवस आधी. द्वेष फतव्यानेच जन्माला घातला असं नाही. पण त्या फतव्यात नुसतं मत नव्हतं. सरकारने या पंथाच्या प्रसारावर बंदी घालावी आणि त्याची केंद्रं बंद करावीत, अशी मागणी होती. जून २००८ मध्ये दोन मंत्री आणि महान्यायवादी यांच्या संयुक्त आदेशाने अहमदियांना आपल्या शिकवणुकीचा प्रसार थांबवायला सांगितलं गेलं. ६ फेब्रुवारी २०११ रोजी चिकेउसिक गावात हजाराहून जास्त लोकांच्या जमावाने एका घरातल्या वीसेक अहमदियांवर हल्ला केला आणि तिघांना ठार मारलं. पोलिस तिथे हजर होते. बारा आरोपींना तीन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली. हल्ल्यात जखमी झालेल्या एका अहमदी माणसालाही सहा महिन्यांची शिक्षा झाली.

परिषदेने कुणाला मारा असं कधीच म्हटलं नाही, आणि हिंसा इस्लामला मंजूर नाही असं तिचे नेते सांगत आले. मला ते खरं वाटतं. पण फतव्याच्या कागदावर श्रद्धेचा वाद आणि शेजारधर्म यांच्यात जी रेघ आखली आहे, ती जमावाला दिसत नाही. ती दाखवायचं काम सरकारचं होतं. सरकार रेघेच्या चुकीच्या बाजूला जाऊन उभं राहिलं.

त्यानंतरची दुसरी घटना जास्त माहितीची आहे. जकार्ताचे तेव्हाचे चिनी वंशाचे ख्रिस्ती गव्हर्नर आहोक यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये एका भाषणात कुराणाच्या एका आयतीचा उल्लेख केला: तिचा वापर करून लोक तुम्हाला फसवतात, अशा अर्थाचा. ऑक्टोबरमध्ये परिषदेने तो कुराणाचा आणि उलेमांचा अपमान ठरवला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले. मे २०१७ मध्ये आहोक यांना धर्मनिंदेसाठी दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. सरकारी वकिलांनी मागितलेल्या शिक्षेपेक्षा न्यायालयाने दिलेली शिक्षा जास्त होती.

“म्हणजे कट्टर उलेमा एकीकडे आणि उदार लोक दुसरीकडे?”

असं नाही, आणि इथेच इंडोनेशिया समजायला अवघड जातो. उलेमा परिषदेत नहदतुल उलामाचे लोक आहेत, १९१२ मध्ये योग्यकार्तात स्थापन झालेल्या मुहम्मदियाचेही आहेत. मारुफ अमीन तर नहदतुल उलामाचे सर्वोच्च धार्मिक नेतेही होते. म्हणजे गुस दुर यांची संघटना आणि त्यांनी विरोध केलेल्या फतव्याचे शिल्पकार एकाच घरातले.

त्याच नहदतुल उलामाने २०१९ मध्ये पश्चिम जावातल्या बांजार इथे ठरवलं की देशातल्या बिगरमुस्लिमांना ‘काफिर’ म्हणू नये. राष्ट्र-राज्यात ते बरोबरीचे नागरिक आहेत. हा निर्णयही उलेमांनीच धर्मग्रंथांवर खल करून घेतला. बहुलतावादाचा पाया इस्लामच्या आतूनच घालता येतो, बाहेरून आयात करावा लागत नाही, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

नहदतुल उलामाच्या युवक शाखेचं स्वयंसेवक दल ‘बान्सेर’ नाताळात चर्चवर पहारा देतं. २४ डिसेंबर २००० च्या रात्री देशभरातल्या चर्चवर बॉम्बहल्ले झाले. पूर्व जावातल्या मोजोकेर्तो शहरात रियांतो नावाचा पंचवीस वर्षांचा बान्सेर स्वयंसेवक पहाऱ्यावर होता. चर्चमध्ये सापडलेलं संशयास्पद पुडकं तो लोकांपासून दूर न्यायला निघाला आणि ते त्याच्या हातातच फुटलं. त्या शहरातल्या एका रस्त्याला आज त्याचं नाव आहे. सगळे धर्म सारखेच आहेत का, या प्रश्नावर रियांतोचं मत काय होतं हे कुणी विचारलं नाही, आणि त्या रात्री ते विचारायची गरजही नव्हती.

“बहुसंख्यांच्या भावना जपायला नकोत का?”

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. प्रार्थनास्थळांचा नियम पाहिला की त्याचं उत्तर सापडतं. २००६ च्या नियमानुसार नवं प्रार्थनास्थळ बांधायला त्या धर्माचे ९० सदस्य आणि परिसरातल्या ६० रहिवाशांचा पाठिंबा दाखवावा लागतो. बोगोरमधल्या एका चर्चचा परवाना महापालिकेने गोठवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये चर्चच्या बाजूने निकाल दिला, तरी दार उघडलं नाही. ती मंडळी पुढे वर्षानुवर्षं राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर, भर उन्हात, रविवारची प्रार्थना करत राहिली. २०२३ मध्ये त्यांना इमारत मिळाली ती दुसऱ्याच जागेवर. पूर्वेकडच्या ख्रिस्तीबहुल भागांत हाच नियम मशिदींना आडवा येतो. जावात बहुसंख्य असलेला मुसलमान तिथे अल्पसंख्य असतो आणि ६० सह्यांसाठी दारोदार फिरतो. भावनेचं मोजमाप संख्येवर सोपवलं की जिल्हा ओलांडताच माणसाचा हक्क बदलतो.

आता लक्ष कशावर ठेवायचं

धर्मनिंदेचा कायदा १९६५ चा, सुकार्नोंच्या काळातला. तो रद्द व्हावा म्हणून गुस दुर आणि इतर घटना न्यायालयात गेले. २०१० मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी तो कायम राहिला. विरोधी मत देणाऱ्या होत्या मारिया फरिदा इंद्राती, त्या खंडपीठातल्या एकमेव महिला न्यायाधीश. निकालाआधीच, डिसेंबर २००९ मध्ये, गुस दुर वारले होते.

डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने नवी दंडसंहिता मंजूर केली. ती लागू करण्याची तारीख २ जानेवारी २०२६ ठरली. धर्माविरुद्धच्या गुन्ह्यांच्या कलमात आता शत्रुत्व, द्वेष, हिंसेला किंवा भेदभावाला चिथावणी यांवर भर आहे. पण द्वेष कशाला म्हणायचं आणि पंथातला मतभेद कशाला, हे कलमात लिहिलेलं नाही. आतापर्यंतच्या खटल्यांत ते ठरवायला पोलिस आणि न्यायालयं उलेमा परिषदेचं मत मागवत आली, तिच्या सदस्यांना तज्ज्ञ साक्षीदार म्हणून बोलवत आली. मारुफ अमीन स्वतः आहोक यांच्या खटल्यात साक्षीला आले होते. नव्या संहितेखालच्या पहिल्या काही खटल्यांत साक्षीदारांच्या यादीत कुणाकुणाची नावं आहेत, आणि आरोपीच्या बाजूने बोलणाऱ्या एखाद्या कियाईची, म्हणजे पारंपरिक मदरशाच्या गुरूची, साक्षही न्यायालय तितक्याच गांभीर्याने नोंदवतं का, ते बघावं लागेल.